बाळंतपण कोणाच्या हाती?

आपल्या मंडळात बाळंतपणाचा विषय निघाला की दोनच कप्पे पडतात : घरचे आणि दवाखान्यातले. इतिहास पाहिला म्हणजे मात्र ही वाटणी अपुरी वाटते. जागेपेक्षा, बाईच्या उशाशी कोण होते आणि त्या व्यक्तीला काय येत होते, यावरून प्रकार पाडावेत असे मला वाटते.

पहिली अर्थात सुईण. खण, नारळ नि शिधा एवढ्यावर ती रात्री-अपरात्री धावून येई. माझ्या आजीची सहाही बाळंतपणे एकाच सुईणीने केली. त्यांतले कोणते पोर पायाळू, हे तिला अखेरपर्यंत पाठ होते. पण नाळ कापायला घरातलाच विळा! त्यातून बाळाला धनुर्वात होई आणि दोष सटवाईच्या माथी जाई.

नंतर स्त्री-डॉक्टर आल्या. आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या आणि त्यांचे बाळ थोड्याच दिवसांत गेले. १८८६ साली अमेरिकेत त्यांनी पदवी घेतली, तेव्हा प्रबंधाचा विषय प्रसूतिशास्त्र हाच होता. त्याच वर्षी पेस्तनजी कामा यांच्या देणगीतून मुंबईत कामा इस्पितळ उघडले. तेथे स्त्रियांना तपासणाऱ्या स्त्रियाच असल्याने, पुरुष डॉक्टरापुढे जायला न धजणाऱ्या बायकांना तो मोठाच आधार झाला. परळला गिरणगावात वाडिया प्रसूतिगृह निघाले ते १९२६ साली. इस्पितळांनी जीव वाचवले, हे निर्विवाद. परंतु उशाशी ओळखीचे माणूस राहिले नाही. माझ्या पहिल्या वेळी, पाळी बदलेल तशी नवी नर्स येई आणि विचारी, “कितवी खेप?” आई बिचारी दाराबाहेर बसून होती.

तिसरा प्रकार गडचिरोलीचा. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाचा श्वास, ऊब, जंतुदोष पाहायला शिकवून घरोघर धाडले. १९९९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले : तेथील नवजात बालकांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटले होते. ‘आशा’ताई आज बाळाला पाहायला घरी येतात, त्याचे मूळ येथे आहे.

२०१९–२१ च्या पाहणीत महाराष्ट्रातली शंभरांपैकी ९४ बाळंतपणे दवाखान्यात झाल्याचे दिसले. तेव्हा सुईण आता परतणार नाही. पण २०१८ साली केंद्र सरकारने परिचारिकांना दीड वर्ष खास प्रसूतिविद्या शिकवण्याचे ठरवले. साधे बाळंतपण त्यांनीच करावे, अडल्यास डॉक्टर बोलवावा, आणि बाळंतिणीजवळ तिच्या पसंतीचे माणूस बसू द्यावे.