रक्तातील अमिनो आम्ले आणि वऱ्हाडची ज्वारी : एका पोषणविषयक वादाचा इतिहास

प्रस्तावना

वऱ्हाडच्या इतिहासलेखनात ज्वारीला पीक म्हणून स्थान मिळाले; आहार म्हणून मात्र ती उपेक्षितच राहिली. अमेरिकन यादवी युद्धाच्या (१८६१-६५) काळात अमरावती-अकोल्याच्या कापूस बाजारात आलेल्या तेजीवर विपुल लेखन झाले आहे. परंतु तो कापूस ज्याने वेचला तो मजूर ज्या धान्यावर जगला, त्या धान्याने त्याच्या देहाचे काय केले, हा प्रश्न इतिहासकारांनी बहुधा वैद्यकशास्त्राकडे सोपविला. वस्तुतः विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात याच प्रश्नावर एक महत्त्वाचा वाद झाला आणि त्या वादात पुरावा म्हणून माणसाचे रक्त व लघवी तपासण्यात आली. त्या वादाचा मागोवा घेणे आणि रक्तचाचणीचा निष्कर्ष कोठवर ग्राह्य धरावा याचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

हैदराबादचा सिद्धांत

पेलाग्रा हा रोग मुळात मक्यावर जगणाऱ्या गरिबांचा म्हणून ओळखला जात असे. उन्हाने उघड्या पडलेल्या त्वचेवर काळपट चट्टे, अतिसार आणि बुद्धिभ्रम ही त्याची लक्षणे. हा संसर्गजन्य रोग नसून आहारातील उणिवेचा आहे, हे अमेरिकेत जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१४ नंतरच्या अभ्यासांतून दाखविले. १९३७ मध्ये कॉनराड एल्व्हेजेम यांनी निकोटिनिक आम्लाने, म्हणजेच नायसिनने, श्वानांतील तत्सम विकार बरा करून दाखविला. पुढे असेही आढळले की, शरीर ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून स्वतःच नायसिन तयार करते. साधारणतः ६० मिलिग्रॅम ट्रिप्टोफॅनपासून १ मिलिग्रॅम. मक्यात ट्रिप्टोफॅन कमी आणि नायसिन बद्ध स्वरूपात असते. त्यामुळे मक्याचे कोडे सुटले.

ज्वारीचे कोडे मात्र सुटले नाही. ज्वारीत ट्रिप्टोफॅन मक्याइतके तुटपुंजे नाही. असे असताना दख्खनच्या पठारावर ज्वारी खाणाऱ्या गरिबांत पेलाग्रा का आढळावा? १९१८ मध्ये कुन्नूर येथे रॉबर्ट मॅककॅरिसन यांच्या पुढाकाराने सुरू झालेली पोषण संशोधनाची प्रयोगशाळा १९५८ मध्ये हैदराबादला आली (पुढे १९६९ मध्ये तिचेच नाव राष्ट्रीय पोषण संस्था झाले). तेथील सी. गोपालन व एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात या प्रश्नाचे उत्तर मांडले. ज्वारीच्या प्रथिनात ल्युसिन हे अमिनो आम्ल सुमारे १३ टक्के, म्हणजे तांदूळ-गव्हापेक्षा बरेच अधिक असते. हे अतिरिक्त ल्युसिन ट्रिप्टोफॅनच्या नायसिनमधील रूपांतरात अडथळा आणते, असा त्यांचा सिद्धांत होता. रोग उणिवेमुळे नव्हे तर एका घटकाच्या अतिरेकामुळे होतो, असे म्हणणारा हा विचार त्या काळी धाडसीच होता.

येथे वऱ्हाडचा संबंध केवळ भौगोलिक नाही. १८५३ पर्यंत हा प्रांत निजामाच्या प्रत्यक्ष कारभाराखाली होता. तेलंगण, मराठवाडा आणि वऱ्हाड यांना जोडणारा दुवा म्हणजे काळी माती व तिच्यावर पिकणारी ज्वारी. त्यामुळे हैदराबादचा सिद्धांत खरा मानला, तर आरोपीच्या पिंजऱ्यात वऱ्हाडी माणसाची भाकरीच उभी राहते.

पण तो निर्विवाद ठरला नाही. अन्य प्रयोगशाळांना ल्युसिनचा हा परिणाम सातत्याने मिळाला नाही. स्वतः हैदराबादच्या संशोधकांनीही पुढे ल्युसिन व आयसोल्युसिन यांचे परस्परप्रमाण, तसेच ब-६ जीवनसत्त्व, यांकडे लक्ष वळविले. प्रस्तुत लेखकाच्या मते या वादात एक सामाजिक बाब दुय्यम ठरली. वऱ्हाडच्या शेतात ज्वारीच्या ओळींमध्ये तूर, मूग, उडीद घेण्याची रीत होती. ज्वारीत लायसिन अत्यल्प, प्रथिनाच्या सुमारे २ टक्के. डाळीत ते भरपूर. भाकरी आणि तुरीचे वरण यांची सांगड रसायनशास्त्राच्या कसोटीवरही उतरते. मात्र सालदाराला मोबदल्यात धान्य मिळे ते मुख्यतः ज्वारीचे. डाळ त्याला विकत घ्यावी लागे. शेतातली तूर आणि मजुराच्या ताटातले वरण यांत हे जे अंतर होते, ते कोणत्याही चाचणीत उतरत नाही.

रक्त मोजण्याची साधने

रक्तातील अमिनो आम्ले वेगवेगळी मोजणे ही तशी अलीकडची गोष्ट. निनहायड्रिन हे द्रव्य अमिनो आम्लांशी जांभळा रंग देते, हे १९१० पासून ठाऊक होते; परंतु मिश्रणातील घटक अलग कसे करावेत ही अडचण होती. १९४४ मध्ये कागदी वर्णलेखनाची पद्धत आली आणि प्रयोगशाळेतील गाळणकागदाचा तुकडा पुरेसा ठरू लागला. १९५८ मध्ये मूर, स्टाइन व स्पॅकमन यांनी स्वयंचलित विश्लेषक तयार केला. १९६० च्या दशकाच्या प्रारंभी रॉबर्ट गथ्री यांनी नवजात बालकाच्या टाचेतील रक्ताच्या ठिपक्यावरून फेनिलअॅलनिन तपासण्याची पद्धत रूढ केली. तिच्यामुळे असंख्य बालके मतिमंदत्वापासून वाचली.

याच सुमारास रक्तावरून कुपोषणही ओळखता येईल, अशी आशा निर्माण झाली. युगांडातील कंपाला येथे आर. जी. व्हाइटहेड यांनी १९६४ मध्ये एक सुटसुटीत चाचणी मांडली. शरीर स्वतः बनवू शकते अशी काही अमिनो आम्ले आणि आहारातूनच मिळवावी लागतात अशी काही, यांचे रक्तातील गुणोत्तर काढायचे. ते वाढले की क्वाशिओरकोरची चाहूल समजायची. कल्पना आकर्षक होती. पण अंगावर सूज न येता केवळ वाळत जाणाऱ्या, म्हणजे सुकटी झालेल्या बालकात हे गुणोत्तर जवळजवळ प्राकृत राहते. कारण उघड आहे : उपाशी देह स्वतःचे स्नायू मोडून रक्तातील पातळी सांभाळतो. जे मूल अधिक काळ उपाशी, त्याचाच अहवाल निर्दोष! १९९३ मध्ये मेळघाटातील बालमृत्यूंनी राज्य हादरले. धारणी-चिखलदऱ्यातील अशा बालकांसाठी वजनकाटा आणि दंडघेराची पट्टी हीच खरी साधने होती, हे या पार्श्वभूमीवर ध्यानात येते.

प्रथिन की उष्मांक?

या वादाला महाराष्ट्राने दिलेले योगदान मोलाचे आहे. सातारा जिल्ह्यातील बुध येथे जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे (१९११-९७) जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या संख्याशास्त्र विभागाचे दीर्घकाळ संचालक होते. १९६८ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी जगावर प्रथिनांचे संकट ओढवल्याचा इशारा दिला असता सुखात्मे यांनी भिन्न मत मांडले : भारतीय माणूस पोटभर जेवला तर त्याला प्रथिनेही बहुधा पुरतात, तो अर्धपोटी राहिला तर खाल्लेले प्रथिनही इंधन म्हणून जळून जाते. त्यांच्या पुढील मांडणीवर वि. म. दांडेकर यांनी कठोर टीका केली, तो स्वतंत्र विषय आहे. तथापि पूरक प्रथिनांच्या डब्यापेक्षा पोटभर भाकरी महत्त्वाची, हा मुद्दा टिकून राहिला. १९७२ च्या दुष्काळात कामावरच्या मजुरांना मिळालेली सुकडी आणि रेशनवरची तांबडी मिलो ज्वारी ज्यांना आठवते, त्यांना तो वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

आज वऱ्हाडातील ज्वारीचे क्षेत्र सोयाबीनने व्यापले आहे. लायसिनने समृद्ध असे हे पीक शेतकऱ्याच्या घरात न शिजता बहुतांशी तेलगिरणीकडे जाते. पेलाग्रा आता मुख्यतः मद्यासक्त किंवा काही विशिष्ट औषधे घेणाऱ्या रुग्णांत आढळतो. रक्तातील अमिनो आम्लांची समग्र तपासणी आता वस्तुमान वर्णपटमापीच्या साहाय्याने होते. जन्मजात चयापचय विकारांच्या निदानासाठी ती अनिवार्य आहे. परंतु निरोगी माणसाने आपला आहार पुरेसा आहे काय हे पाहण्यासाठी ती करून घेणे, हे उपरोक्त इतिहास पाहता पैशाचा अपव्यय वाटतो.

एक अपवाद नोंदविला पाहिजे. होमोसिस्टीन हे अमिनो आम्ल आपण ताटातून घेत नाही. ते देहात मेथिओनिनपासून बनते आणि ब-१२ जीवनसत्त्व कमी पडले की रक्तात साचते. पुण्यातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ग्रामीण भाग, झोपडपट्टी आणि शहरी मध्यमवर्ग यांतील ४४१ पुरुषांची रक्ततपासणी होती. ६७ टक्के पुरुषांत ब-१२ कमी आणि ५८ टक्क्यांत होमोसिस्टीन अधिक आढळले. ब-१२ ची उणीव सर्वाधिक होती ती शेतमजुरांत किंवा झोपडपट्टीत नव्हे, तर शहरातील मध्यमवर्गात : ८१ टक्के.