आतड्याच्या दाहक विकारांची आनुवंशिकता

क्रोन्स विकार आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस हे आतड्याचे दोन प्रमुख दीर्घकालीन दाहक विकार होत. ते एकाच सदोष जनुकामुळे सहसा होत नाहीत. दोनशेहून अधिक जनुकीय स्थानांचा अल्प अल्प वाटा, आतड्यातील जिवाणू आणि परिस्थिती यांच्या संयोगातून ते उद्भवतात. समरूप जुळ्यांपैकी एकाला क्रोन्स विकार असूनही दुसरे पुष्कळदा निरोगी राहते.

२००१ मध्ये सोळाव्या गुणसूत्रावरील नॉड-२ या जनुकाचा क्रोन्स विकाराशी संबंध आढळला. जिवाणूंच्या पेशीभित्तिकेतील घटक ओळखणारे प्रथिन या जनुकापासून तयार होते. युरोपीय रुग्णांत वारंवार दिसणारे त्याचे तीन बदल भारतीयांत मात्र अत्यंत विरळ आहेत. ते न आढळल्याने येथील रुग्णाचा विकार नाकारता येत नाही.

उपचारात एनयूडीटी-१५ या जनुकाला अधिक महत्त्व आहे. त्यातील एक बदल दक्षिण व पूर्व आशियात युरोपपेक्षा बराच अधिक आढळतो. तो असलेल्या रुग्णास अझाथायोप्रिन नेहमीच्या मात्रेत दिल्यास केस गळतात व रक्तातील पांढऱ्या पेशी धोकादायकरीत्या घटू शकतात. त्यामुळे औषधापूर्वी ही जनुकतपासणी उपयुक्त ठरते. रक्ताची नियमित तपासणी तरीही टळत नाही.

तान्ह्या बालकांतील काही तीव्र प्रकार मात्र खरोखरच एकजनुकीय असतात. इंटरल्युकिन-१० च्या ग्राहीतील दोष दोन्ही पालकांकडून आल्यास असा विकार होतो. महाराष्ट्रात काही समाजांत रूढ असलेल्या मामे-आते भावंडांच्या विवाहांत अशा अप्रभावी दोषांची शक्यता वाढते. मूळपेशी प्रत्यारोपणाने यांतील काही बालके बरी झाली आहेत.