रबराचं झाड नसलेलं रबराचं गाव

गेल्या महिन्यात कोल्हापूरहून मामांचा फोन आला. मामांची शिरोलीला छोटी फौंड्री आहे. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ते मुद्द्यावर आले. "आपल्याकडं नवी एमआयडीसी होणार अशी चर्चा हाय. एखादा मोठा कारखाना आला की भागाचं सोनं होईल म्हणत्यात. तू टायरच्या गावात शिकलास, तिथं काय झालं ते सांग की." हे फोनवर पाच मिनिटांत सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून हा लेख.

मी पीएचडी केली ती अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, अ‍ॅक्रन नावाच्या गावात. एकेकाळी याला जगाची रबर राजधानी म्हणत. गंमत अशी, की रबराचं झाड इथे जगणंच शक्य नाही. हिवाळ्यात गुडघाभर बर्फ पडतो. कच्चं रबर यायचं ते आधी ब्राझीलकडून आणि नंतर मलायातून. मग हा धंदा इथेच का रुजला?

सुरुवात अगदी साधी आहे. 1870 मध्ये बेंजामिन गुडरिच नावाचा डॉक्टर न्यूयॉर्ककडचा आपला रबराचा धंदा घेऊन इथे आला. गावात कालवा होता, रेल्वे होती, जवळ कोळसा होता. पण खरं कारण म्हणजे गावातल्या व्यापाऱ्यांनी पदरचे पैसे घातले. गुडरिचचा सुरुवातीचा माल टायर नव्हता, तर आग विझवायचे पाइप होते! टायर आले ते पुढे, आधी सायकलींचे आणि मग मोटारींचे.

1898 मध्ये फ्रँक सायबरलिंगने मेहुण्याकडून साडेतीन हजार डॉलर उसने घेऊन गुडइयर सुरू केली. (ज्याचं नाव दिलं तो चार्ल्स गुडइयर 1860 मध्येच वारला होता. त्याचा या कंपनीशी काडीचा संबंध नाही.) 1900 मध्ये हार्वे फायरस्टोन आला. 1906 मध्ये फोर्डने त्याला 2000 मोटारींच्या टायरची ऑर्डर दिली. आता प्रश्न असा, की प्रतिस्पर्धी शेजारीशेजारी का बसले? कोल्हापूरच्या गुजरीत सगळे सराफ एका रस्त्यावर का बसतात, याचं जे उत्तर तेच याचं. रबर मळणारा कारागीर इथे मिळायचा, साचे बनवणारं वर्कशॉप इथे होतं, यंत्र बिघडलं तर दुरुस्त करणारा चार घरं सोडून राहायचा. आल्फ्रेड मार्शल या इंग्रज अर्थतज्ज्ञाने 1890 मध्येच लिहून ठेवलं होतं, की एका धंद्याची माणसं एका जागी राहिली की त्या धंद्यातली गुपितं गुपितं राहत नाहीत, मुलंसुद्धा ती नकळत शिकतात. आज ज्याला 'क्लस्टर' म्हणतात ते हेच.

1910 मध्ये अ‍ॅक्रनची वस्ती 69 हजार होती. 1920 मध्ये ती 2 लाख 8 हजार झाली. राहायला जागा नव्हती, म्हणून एकच खाट पाळीपाळीने भाड्याने दिली जायची. एक उठून कामावर गेला की दुसरा त्याच अंथरुणात.

याच काळात आणखी एक गोष्ट झाली, तिचा बोलबाला कमी झाला. 1909 मध्ये गावातल्या छोट्या कॉलेजात रबराच्या रसायनशास्त्राचा अभ्यासक्रम सुरू झाला. तेच कॉलेज पुढे अ‍ॅक्रन विद्यापीठ झालं. 1942 मध्ये जपानने मलाया आणि डच ईस्ट इंडीज घेतलं आणि अमेरिकेला येणारं बहुतेक नैसर्गिक रबर बंद झालं. टायरशिवाय युद्ध लढायचं कसं? सरकारने कंपन्यांना आपापली माहिती एकमेकांना द्यायला लावली, आणि तीनच वर्षांत देशात कृत्रिम रबर वर्षाला सात लाख टनांच्या वर निघू लागलं. या कामात अ‍ॅक्रनच्या कंपन्या आघाडीवर होत्या. 1956 मध्ये इथे पॉलिमर रसायनशास्त्राची पीएचडी सुरू झाली. माझी डिग्री ही त्याच रोपाची फांदी.

मग घसरण का झाली? आमचे घरमालक तरुणपणी टायर बिल्डर होते. ते संपांना आणि पगारवाढीला दोष द्यायचे. त्यात तथ्य आहे. 1936 च्या मोठ्या संपानंतर कंपन्यांनी नवे कारखाने बाहेरगावी काढण्यावर जास्त भर दिला होता. पण माझ्या मते मोठा घाव रेडियल टायरचा. मिशेलिनने त्याचं पेटंट 1946 मध्ये घेतलं. हा टायर जुन्याच्या दुप्पट चालायचा. म्हणजे तो बनवायचा तर यंत्रं बदलायची, आणि खप मात्र निम्मा होणार! अ‍ॅक्रनला रेडियल माहीत नव्हता असं नाही. पण गावातल्या सगळ्या कंपन्या एकमेकांकडेच बघत बसल्या. शेजारी बदलत नाही तर मी कशाला बदलू? जवळ राहण्याने ज्ञान पसरतं, तशी झापडंही पसरतात.

1970 मध्ये फोर्डने एका महागड्या मोटारीला मिशेलिनचे रेडियल लावले आणि अमेरिकेत वारं फिरलं. घाईघाईने काढलेल्या रेडियलपायी फायरस्टोनवर 1978 मध्ये एक कोटीहून जास्त टायर परत मागवायची वेळ आली. 1987 मध्ये जनरल टायर जर्मनांकडे गेली, 1988 मध्ये फायरस्टोन जपान्यांकडे, 1990 मध्ये गुडरिचचा टायरचा धंदा मिशेलिनकडे. उरली फक्त गुडइयर. 1960 मध्ये 2 लाख 90 हजार वस्ती असलेल्या गावात 2020 मध्ये 1 लाख 90 हजार माणसं होती.

तरी गाव मेलं नाही. विद्यापीठ, कंपन्यांच्या प्रयोगशाळा आणि पॉलिमरचे लहान उद्योग टिकले. हात धुवायचं प्युरेल ठाऊक असेलच. ते बनवणारी कंपनी 1946 मध्ये इथेच सुरू झाली, रबर कामगारांच्या हातांची काजळी काढायचं मलम बनवून! पण फुशारकी नको. घरमालक एकदा मला म्हणाले, "तुझ्या प्रयोगशाळेत माझ्यासारख्याला काय काम आहे?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. ज्ञान गावात राहिलं, पण ते टायर बिल्डरच्या पगारासारखं घरोघरी पोचलं नाही.

तर मामा, कुठला मोठा कारखाना येणार यापेक्षा दोन गोष्टी विचारा. भागातल्या पोरांना त्या धंद्याचं शिक्षण देणारं कुणी आहे का? आणि सगळे एकाच दिशेने चालले असताना "थांबा" म्हणणारा कुणी आहे का? कोल्हापूरच्या फौंड्र्या शेतीच्या ऑइल इंजिनांवर वाढल्या आणि पुढे मोटारींच्या सुट्या भागांवर. विजेवर चालणाऱ्या मोटारीला इंजिन ब्लॉक लागत नाही. तो तुमचा रेडियल टायर तर नाही ना?

पुढच्या फोनवर मला एवढंच सांगा, तुमच्या महिन्याच्या ओतकामात इंजिनाचा माल किती टक्के असतो?