मुळाकाठची खडकी आणि पुराची आगाऊ सूचना

पुण्यातील खडकीच्या उत्तरेला आणि पूर्वेला मुळा नदीचा वेढा आहे. दापोडीजवळ पवना मुळेला मिळते आणि नदी होळकर पुलाखालून पुढे मुठा नदीशी होणाऱ्या संगमाकडे वळते. तिथे मुठेला पूर असला की मुळेचे पाणीही तुंबते. बोपोडी, पाटील इस्टेट यांसारख्या काठच्या सखल वस्त्यांत ते आधी शिरते.

पूर्वी हा पूर केवळ पावसाचा होता. विसाव्या शतकात त्यात धरणांची भर पडली. 1921 साली ज्याविरुद्ध सत्याग्रह झाला, त्या मुळशी धरणाचे पाणी विजेसाठी कोकणात उतरवले जाते. मात्र तलाव भरल्यावर जादा पाणी मुळेतच सोडावे लागते. पुढे पवना धरणही झाले. त्यामुळे खडकीत पाऊस थांबलेला असतानाही नदी चढू शकते.

आगाऊ सूचनेची किंमत पुण्याला 12 जुलै 1961 रोजी कळली. मुठेच्या खोऱ्यातील पानशेत धरणाच्या विमोचकाचे (पाणी सोडण्याच्या मार्गाचे) काम अपुरे असतानाच त्यात पाणी साठले होते. आदल्या दिवशी भराव खचू लागला, तेव्हा लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली. सकाळी धरण फुटले आणि त्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही फोडले. पोत्यांमुळे काही तास हाती आले होते, पण धोक्याचा इशारा नदीकाठच्या घराघरांत वेळेवर पोहोचला नाही.

आता धरणातून किती क्युसेक विसर्ग सुटणार हे पाटबंधारे खाते आधी कळवते आणि काठावर भोंगा लावून सूचना दिली जाते. नदीलगत पूररेषा आखलेल्या आहेत: निळी रेषा सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हा प्राधिकरणे आली. बचावासाठी खडकीत लष्करी अभियंत्यांच्या बॉम्बे सॅपर्सचे केंद्र आहे, तर तळेगावजवळ सुदुंबरे येथे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी आहे.

ओढ्याच्या पुराला मात्र असा अवधी नसतो. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री पुण्यात आंबिल ओढा ढगफुटीसारख्या पावसाने काही तासांतच फुगला आणि अनेकांचे बळी गेले. नदी-ओढ्याकाठी भरणाऱ्या मुलांच्या शिबिरांना अशा अचानक पुराचा धोका मोठा असतो. 4 जुलै 2025 रोजी अमेरिकेतील टेक्सासमध्ये ग्वादालूपे नदीने पहाटे, मुले झोपेत असताना, एका शिबिराला गाठले. 27 मुली व मार्गदर्शक दगावल्या. उन्हाळी सुटीतल्या शिबिरांवरही वळवाचा पाऊस अचानक कोसळतो.

म्हणून शिबिराची राहुटी पूररेषेच्या वर हवी. रात्री जागा राहणारा माणूस, मुलांची हजेरी, उंचवट्याकडे जाणारी दिवसाउजेडी पायी चालून पाहिलेली वाट आणि वीज व मोबाइल बंद पडल्यावरही वाजेल असा भोंगा किंवा शिट्टी हवी. कोणत्या खुणेपर्यंत पाणी आले की निघायचे, हे आधीच ठरलेले असावे. तो निर्णय कोणाच्या परवानगीसाठी अडून राहू नये.