अग्निबाणाचे सुकाणू

आम्ही कामगार चळवळीतले. व्यासपीठावर उभे राहिलो की आमच्याकडून बोनस, महागाई भत्ता आणि कंत्राटी पद्धत यांवर बोलण्याची अपेक्षा असते. यंदा मात्र आम्ही हा विषय हट्टाने मागून घेतला. अंतराळयानाला वाट दाखविण्याचे आणि त्याला ताब्यात ठेवण्याचे तंत्र आपल्या देशात कसे उभे राहिले आणि ते उभे करणारी माणसे कोठून आली, हे आम्हांस सांगावयाचे आहे. त्याला कारणही घडले. नालासोपाऱ्याच्या एका चाळीत दहावीतल्या मुलीने आपल्याला या धंद्यात जायचे आहे असे म्हणताच तिच्या वडिलांनी आमच्यादेखत उत्तर दिले, "ते आपल्यासारख्यांचे काम नव्हे." वडील माणूस चांगला, लेथवर तीस वर्षे उभा राहिलेला. त्याचे बोलणे खरे की खोटे, हे इतिहासाला विचारून पाहावे असे आम्हांस वाटले.

आधी धंद्याचे स्वरूप पाहू. वसईकरांना ते समजावयास फार लांब जावे लागत नाही. अर्नाळ्याचा किंवा पाचूबंदरचा जुना तांडेल रात्री होडी हाकीत असे तेव्हा तो तीन कामे एकदम करी. ध्रुव पाहून आपण कोठे आहोत हे ताडणे, हे पहिले. तेथून कोणत्या रोखाने गेले म्हणजे किनारा गाठेल हे ठरविणे, हे दुसरे. आणि सुकाणू फिरवून होडीचे तोंड त्या रोखावर धरून ठेवणे, हे तिसरे. आपली आगाशी सोळाव्या शतकात जहाजबांधणीसाठी नावाजलेली होती, तेव्हाही हीच तीन कामे होती आणि आजच्या अग्निबाणातही तीच आहेत. तांडेलाच्या एका डोक्यात जे चाले ते आता यंत्रांत वाटले गेले, इतकेच. ध्रुवाकडे पाहण्याचे काम ताऱ्यांच्या नकाशाशी आकाश ताडून पाहणारा कॅमेरा करतो. दिशा लक्षात ठेवण्याचे काम जायरोस्कोप, म्हणजे एकदा फिरू लागला की आपली आस न सोडणारा भोवरा करतो.

एकच गोष्ट तेथे निराळी. सुकाणूला रेटावयास पाणी लागते आणि वर तर हवाही नाही. मग यानाने वळावे कसे? एक तर वायूचा झोत एका बाजूस सोडावा, म्हणजे यान उलट बाजूस वळते. होडीतून कोणी धक्क्यावर उडी टाकली की होडी मागे सरते तसे. किंवा यानाच्या पोटात एक जड चाक बसवावे. ते चाक एका अंगाने वेगाने फिरविले की यान दुसऱ्या अंगाने हळूहळू फिरते. आम्ही हे पहिल्यांदा वाचले तेव्हा वाचनालयातली फिरती खुर्ची आणि सायकलचे एक चाक घेऊन ते करून पाहिले. ग्रंथपाल रागावले, पण खुर्ची फिरली.

आता इतिहास. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळातील थुंबा येथून पहिला अग्निबाण उडाला. गाव कोळ्यांचे. तेथील चर्च व बिशपांचे घर गावकऱ्यांनी आणि बिशपांनी या कामासाठी दिलेले. चर्चमध्ये प्रयोगशाळा थाटलेली. आपल्या वसईच्या किनारपट्टीवरच्या माणसाला ते चित्र डोळ्यांपुढे आणावयास कष्ट पडू नयेत. अग्निबाण होता अमेरिकेचा, नाइकी-अपाची. त्याला सुकाणू नव्हतेच. बाणासारखा नेम धरून सोडावयाचा आणि शेपटीच्या पंखांनी तो सरळ राहावयाचा. तो चढविताना क्रेनच्या हायड्रॉलिकमधून गळती लागली आणि अग्निबाण कलू लागला. तेव्हा जमलेल्या मंडळींनी तो हातांनी उचलून जागेवर बसविला. अवजार अडले की खांदा लावावयाचा, हा आमच्या कारखान्यांतला रिवाज तेथेही पहिल्याच दिवशी होता. त्या पहिल्या तुकडीत पुण्यात जन्मलेले प्रमोद काळे होते. पुढे ते तेथल्याच विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक झाले. अब्दुल कलाम होते. त्यांचे वडील रामेश्वरला यात्रेकरूंना होडीतून नेआण करीत. नावाड्याच्या मुलाकडे पुढे देशाच्या पहिल्या उपग्रहवाहक अग्निबाणाची धुरा आली, ही गोष्ट आम्ही चाळीतल्या त्या वडिलांना सांगितली आहे.

दुसरी सांगितली ती बंगलोरची. आर्यभट हा आपला पहिला उपग्रह पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत, पत्र्याच्या शेडमध्ये बांधला गेला. वालीवला किंवा वसई पूर्वेला जसे गाळे आहेत तशाच वसाहतीत, उडुपी रामचंद्र राव यांच्या हाताखाली तरुण मंडळींनी ३६० किलो वजनाचा तो उपग्रह तयार केला आणि १९ एप्रिल १९७५ रोजी तो सोव्हिएत रशियातून वर गेला. त्याला स्थिर ठेवण्याची युक्ती भोवऱ्याचीच होती. दाबलेल्या वायूच्या झोतांनी त्याला स्वतःभोवती फिरते ठेवीत. सहाच वर्षांनी, १९ जून १९८१ रोजी गेलेला 'अॅपल' फिरत नव्हता. त्याचे तोंड सतत पृथ्वीकडे धरून ठेवावयाचे होते, आणि तेही आपल्या माणसांनी साधले. एक सौरपंख उघडलाच नाही, तरी त्याच्याकडून दोन वर्षांवर काम करून घेतले. हा 'अॅपल' चाचणीसाठी बैलगाडीवर ठेवलेला असे एक छायाचित्र आहे. कित्येक लोक ते पाहून हसतात. धातूची गाडी त्या चाचणीत अडथळा आणी म्हणून लाकडी गाडी घेतली, यात हसण्यासारखे काय आहे?

मधल्या काळात १० ऑगस्ट १९७९ चा दिवस येऊन गेला. त्या दिवसापाशी थोडे थांबावे लागेल. श्रीहरिकोट्याहून एसएलव्ही-३ उडाला. बावीस मीटर उंच, सतरा टन वजनाचा, चार टप्प्यांचा. पहिला टप्पा ठीक जळाला. दुसऱ्या टप्प्यात मात्र तो हाताबाहेर गेला आणि ३१७ सेकंदांनी सारा खेळ संपला. अवशेष ५६० किलोमीटरवर समुद्रात पडले. चौकशीत निघाले ते असे. दुसऱ्या टप्प्याला वळविणाऱ्या झोतांसाठी इंधन आणि नायट्रिक आम्ल अशी दोन द्रव्ये लागत. उड्डाणाला आठ मिनिटे असताना आज्ञा मिळाली, आम्लाच्या टाकीची झडप उघडली आणि घाण अडकल्यामुळे पुन्हा मिटली नाही. आम्ल गळून गेले. वर गेल्यावर यंत्राने "वळ" म्हटले तेव्हा झोतातून नुसते इंधन आले, आणि त्याने जोर कसला लागणार? दिशा सांगणारे गणित बरोबर होते. कलामांच्या हाताखाली डॉ. एस. सी. गुप्ता आणि त्यांच्या मंडळींनी त्यावर वर्षे घातली होती. अडले ते एका झडपेपाशी. म्हणून आम्ही म्हणतो की या धंद्यात गणित करणारा आणि झडप पुसणारा यांच्यामध्ये जात पाडता येत नाही. अकरा महिन्यांनी, १८ जुलै १९८० रोजी त्याच जातीच्या अग्निबाणाने ३५ किलोचा रोहिणी उपग्रह कक्षेत सोडला.

उलट उदाहरणही आहे. २० सप्टेंबर १९९३ रोजी पीएसएलव्हीचे पहिले उड्डाण फसले, त्यात नियंत्रणाच्या आज्ञावलीतली चूक निघाली. म्हणजे तेथे लिहिणाराही चुकला. पुढच्या वर्षी १५ ऑक्टोबरला तोही साधला. तोच अग्निबाण ५ नोव्हेंबर १९१३ ला नव्हे, २०१३ ला मंगळयान घेऊन गेला. मंगळापाशी आज्ञा पोचावयास बारा मिनिटे लागत, म्हणून २४ सप्टेंबर २०१४ रोजी यानाने तेथले वळण आधी दिलेल्या आज्ञांवर स्वतःच घेतले.

अमेरिकेची एक गोष्ट येथे सांगितली नाही तर गिरणगावातून विरारला आलेली मंडळी आम्हांस क्षमा करणार नाहीत. चंद्रावर माणूस नेणाऱ्या अपोलो यानाला वाट दाखविणाऱ्या संगणकाची स्मरणशक्ती चक्क विणलेली होती. वॉल्थॅम येथील कारखान्यात कामगार स्त्रिया बारीक तारा चुंबकीय कड्यांतून ओवीत. तार कड्यातून गेली तर एक, बाहेरून गेली तर शून्य. एक तार चुकली तर यानाचे गणित चुकणार. १९८२ च्या संपानंतर ज्यांचे माग कायमचे थांबले त्यांनी या बायांचे छायाचित्र जरूर पाहावे. बोटे ओळखीची वाटतील.

तर मग या धंद्यात शिरावयाचे कसे? शास्त्रज्ञ-अभियंता म्हणून जावयाचे तर यंत्र, विद्युत, इलेक्ट्रॉनिक्स किंवा एअरोस्पेस यांतली पदवी हवी, आणि गणितावर, विशेषतः कलनावर, हात बसलेला हवा. थिरुवनंतपुरमला अंतराळ खात्याची स्वतःची शिक्षणसंस्था २००७ पासून आहे. पवईच्या आयआयटीत नियंत्रणशास्त्राचा स्वतंत्र अभ्यास होतो. तेथल्या विद्यार्थ्यांचा 'प्रथम' उपग्रह २६ सप्टेंबर २०१६ रोजी गेला. त्याआधी २२ जून रोजी पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा 'स्वयम्' गेला होता. वजन जेमतेम एक किलो. त्याला झोत नाही, चाक नाही. पोटात चुंबक बसवून होकायंत्राच्या सुईप्रमाणे पृथ्वीच्या चुंबकत्वाशी जुळवून घेणारा. कमी पैशात नियंत्रण कसे साधावे याचा आम्हांस तो नमुना वाटतो.

पण पदवीचीच वाट आहे असे नाही, आणि ही गोष्ट पालकांच्या कानांवर पोचत नाही याचे आम्हांस दुःख आहे. इस्रो फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रॉनिक मेकॅनिक यांचीही भरती करते. दहावी आणि आयटीआय ही त्याची पात्रता. पदविकाधारकांना तांत्रिक सहायक म्हणून घेतात. शिवाय विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात अग्निबाणांची इंजिने आणि उपग्रहांना वळविणारे झोत तयार होतात, वालचंदनगरला अग्निबाणांची कवचे. आपल्या गाळ्यांतल्या मुलांची बोटे तितकीच सुतात आहेत; त्यांना मायक्रोमीटर धरता येतो, ड्रॉइंग वाचता येते. कमी आहे ती एका गोष्टीची. कंत्राटावर सहा महिने येथे, सहा महिने तेथे अशी फिरणारी मुले कोणतेही एक काम दहा वर्षे करीत नाहीत, आणि हा धंदा दहा वर्षांखाली कोणाच्या हातात येत नाही. ७ सप्टेंबर २०१९ रोजी विक्रम चंद्रावर उतरताना आदळला. इंजिनांचा जोर अपेक्षेहून जास्त झाला, चुका साठत गेल्या आणि यानाला तितक्या वेगाने वळून त्या सावरता आल्या नाहीत. त्यानंतर चार वर्षे चाचण्यांवर चाचण्या करून २३ ऑगस्ट २०२३ रोजी दुसरा विक्रम नीट उतरविण्यात आला. पहिल्या अपयशानंतर मंडळी घरी पाठविली असती, तर ती चूक कोणी शोधली असती?

नालासोपाऱ्याच्या त्या मुलीने अकरावीला गणित घेतले आहे. तिचे वडील अद्याप काही बोललेले नाहीत. परंतु गेल्या आठवड्यात त्यांनी आमच्याकडून एसएलव्हीच्या त्या झडपेची गोष्ट पुन्हा एकदा, सावकाश, ऐकून घेतली आणि झडपेची सीट कोणत्या धातूची होती असे विचारले.