जुन्या गाडीत 'परफॉर्मन्स कॅम' बसवताना टायमिंग इतकं महत्त्वाचं का असतं?

जुन्या गाड्यांच्या शौकिनांमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं, "कॅम बदलला की गाडी पळते." हे अर्धंच खरं आहे. नवा कॅमशाफ्ट काही अंशांनी जरी चुकीचा बसला, तरी गाडी आधीपेक्षा मंद होऊ शकते. चूक मोठी असेल तर व्हॉल्व्ह थेट पिस्टनवर आपटतो आणि इंजिनाचं मोठं नुकसान होतं.

मग हा कॅमशाफ्ट नेमकं काय करतो आणि त्याचं टायमिंग कसं जुळवतात? ब्रिटिश 'मिनी' गाडीच्या ए-सीरिज इंजिनाच्या उदाहरणातून हे समजून घेऊया.

कॅमशाफ्ट म्हणजे काय?

इंजिनात हवा आणि पेट्रोलचं मिश्रण आत घेणारे इनलेट व्हॉल्व्ह असतात आणि जळालेला वायू बाहेर सोडणारे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह असतात. हे व्हॉल्व्ह कधी, किती वेळ आणि किती उघडायचे, हे कॅमशाफ्टवरचे अंडाकृती उंचवटे ठरवतात. क्रँकशाफ्ट दोनदा फिरतो तेव्हा कॅमशाफ्ट एकदा फिरतो.

ए-सीरिज इंजिन १९५१ साली ऑस्टिन ए-३० या गाडीत पहिल्यांदा आलं आणि १९५९ मध्ये मिनीत बसलं. त्यात कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये असतो. तो टॅपेट उचलतो, टॅपेट पुशरॉडला ढकलतो आणि पुशरॉड रॉकरमार्फत व्हॉल्व्ह उघडतो.

परफॉर्मन्स कॅममध्ये वेगळं काय?

हा कॅम व्हॉल्व्ह जास्त वेळ आणि सहसा जास्त उंच उघडा ठेवतो. त्यामुळे वरच्या आरपीएमला इंजिनात जास्त मिश्रण शिरतं आणि ताकद वाढते. त्याची किंमतही मोजावी लागते. कॅम फार तिखट असेल तर गाडी आयडलिंगला थरथरते, खालच्या वेगात ओढत नाही आणि ट्रॅफिकमध्ये चालवणं नकोसं होतं. ए-सीरिजमध्ये दोन-दोन सिलिंडरना मिळून एकच इनलेट मार्ग असल्याने हा त्रास लवकर जाणवतो. म्हणूनच रोजच्या रस्त्यासाठी सौम्य कॅम निवडावा, असं जाणकार सांगतात.

खुणा जुळवल्या की काम झालं का?

कॅम आणि क्रँकच्या टायमिंग गिअरवर ठिपके असतात. एक नंबरचा पिस्टन सर्वात वर आणून हे ठिपके समोरासमोर ठेवले आणि चेन चढवली की साधं टायमिंग होतं. पण गिअरचा खाचा, चावी, चेन आणि कॅम या प्रत्येकात थोडा फरक असतो. हे फरक एकत्र आले की टायमिंग काही अंश सरकतं. त्यामुळे ठिपके ही फक्त सुरुवात असते, पुढे मोजावंच लागतं.

टायमिंग मोजतात कसं?

यासाठी दोन साधनं लागतात. एक म्हणजे क्रँकवर बसणारी ३६० अंशांची चकती आणि दुसरं डायल गेज. काम बेंचवर, सिलिंडर हेड काढलेलं असताना करणं सोपं जातं.

१. पिस्टनचं सर्वोच्च स्थान शोधणं: पिस्टन वर पोहोचल्यावर क्रँक थोडा फिरला तरी तो हलल्यासारखा दिसत नाही, म्हणून नुसत्या नजरेवर विसंबून चालत नाही. डायल गेज पिस्टनवर टेकवून, वर येताना आणि खाली जाताना सारख्याच उंचीवर किती अंश दिसतात ते नोंदवतात. या दोन खुणांचा मध्य म्हणजे शून्य.

२. योग्य पुशरॉड निवडणं: ए-सीरिजमध्ये पुलीच्या बाजूने पहिला व्हॉल्व्ह एक्झॉस्टचा आणि दुसरा इनलेटचा असतो. म्हणून डायल गेज दुसऱ्या पुशरॉडवर लावायचं. इथे गल्लत झाली तर पुढचं सगळं गणित चुकतं.

३. कमाल उंचीचा बिंदू काढणं: समजा, पुशरॉड सर्वात वर जाण्याच्या ०.१ मिलिमीटर आधी चकतीवर ७८ अंश दिसले आणि तेवढंच खाली उतरल्यावर १४२ अंश दिसले. बेरीज २२०, तिचं अर्ध ११०. म्हणजे हा कॅम ११० अंशांवर पूर्ण उघडतो.

४. कार्डशी तुलना: कॅमसोबतच्या कार्डवर १०६ अंश लिहिलं असेल, तर कॅम ४ अंश उशिरा चालतोय. कॅमच्या गिअरमध्ये ४ अंशांची ऑफसेट चावी घातली की तो जागेवर येतो. चावी उलटी बसली तर आकडा ११४ होतो, म्हणून पुन्हा मोजणं गरजेचं. चावीऐवजी ॲडजस्टेबल गिअरही मिळतो.

मोजताना क्रँक नेहमी इंजिनाच्या चालण्याच्या दिशेनेच फिरवायचा. खूण ओलांडली गेली तर बरंच मागे जाऊन पुन्हा पुढे यायचं, नाहीतर चेनचा ढिलेपणा आकड्यात मिसळतो.

कार्डवर फक्त उघडण्या-मिटण्याचे आकडे असतील तर?

समजा इनलेट २७ अंश आधी उघडतो आणि ५९ अंश नंतर मिटतो. तर २७ + १८० + ५९ = २६६. त्याचं अर्ध १३३. त्यातून २७ वजा केले की १०६.

बसवल्यावर कशाची काळजी घ्यायची?

पिस्टनवर लहान मुलांच्या खेळण्यातल्या मातीचा गोळा ठेवून, हेड बसवून इंजिन हाताने दोनदा फिरवतात. मग हेड काढून मातीचा सर्वात पातळ भाग मोजतात. व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांच्यात साधारण दोन ते अडीच मिलिमीटर जागा सुरक्षित मानली जाते. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा पूर्ण दाबल्या जाऊन एकमेकींना टेकत नाहीत ना, हेही बघावं लागतं.

नव्या कॅमवर जुने टॅपेट कधीच वापरू नयेत. घिसलेला टॅपेट नवा कॅम लवकर खातो. बसवताना कॅमला असेंब्ली ल्यूब लावतात. पहिल्यांदा स्टार्ट केल्यावर गाडी आयडलिंगला न ठेवता साधारण २,००० आरपीएमवर २० मिनिटं चालवतात आणि मग ऑइल व फिल्टर बदलतात. ऑइलमध्ये झिंक पुरेसं असावं. मिनीत इंजिन आणि गिअरबॉक्सचं ऑइल एकच असतं, त्यामुळे कॅम घिसला तर त्याचा कीस गिअरबॉक्समध्येही पोहोचतो.

भारतातल्या गाड्यांना हे लागू होतं का?

तत्त्व तेच आहे. ॲम्बॅसेडरचं १,४८९ सीसी इंजिन ए-सीरिजच्याच घराण्यातलं बी-सीरिज. मुंबईच्या कुर्ल्यात तयार झालेल्या प्रीमियर पद्मिनीतही पुशरॉडचंच इंजिन होतं. आकडे मात्र प्रत्येक कॅमचे वेगळे असतात, एकाचे दुसऱ्याला लावून चालत नाही.

आणखी एक गोष्ट. २०२१ च्या नियमांनुसार 'व्हिंटेज' नोंदणीसाठी गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात असावी लागते. इंजिनातला मोठा बदल त्यात अडचण ठरू शकतो. त्यामुळे अशी नोंदणी करायची असेल, तर कॅम बदलण्याआधी आरटीओत चौकशी करावी आणि मूळ कॅमशाफ्ट भंगारात न टाकता तेल लावून जपून ठेवावा.