प्रज्ञाचक्षूंचे धर्मशिक्षण

पवनी तालुक्यातील कोंढ्यासारख्या विदर्भातील गावांत धर्मशिक्षण मुख्यतः कानांवाटे, म्हणजे कीर्तन, भजन आणि पोथीवाचनातून होत असल्याने दृष्टिहीन मूल त्यापासून सहसा वंचित राहत नसे. कर्णबधिर मुलाला मात्र त्यात जागा मिळणे कठीण, ही त्या परंपरेची उणीव दुर्लक्षून चालणार नाही.

'प्रज्ञाचक्षू', म्हणजे बुद्धी हाच ज्याचा डोळा, ही उपाधी ज्यांच्या नावाशी कायमची जोडली गेली, ते विदर्भातलेच संत गुलाबराव महाराज 1881 साली अमरावती जिल्ह्यात जन्मले आणि तान्हेपणीच त्यांची दृष्टी गेली, तरी इतरांकडून ग्रंथ वाचून घेत ते शिकले आणि 1915 साली पुण्यात देह ठेवेपर्यंत, अवघ्या 34 वर्षांच्या आयुष्यात, त्यांनी शंभराहून अधिक लहानमोठ्या रचना सांगून लिहवून घेतल्या. जे काम आज सहायक यंत्रे करतात, ते तेव्हा वाचक आणि लेखनिक करीत. मात्र माणूस उठून गेला की अध्ययनही थांबे, आणि हे परावलंबन श्रद्धेच्या कौतुकात झाकले जाते.

हे परावलंबन कमी करू शकणारी, बोटांनी वाचायच्या उठावदार टिंबांची, भारतीय भाषांना समान असलेली भारती ब्रेल लिपी 1951 साली निश्चित झाली. टिंबे आपोआप वरखाली करणारी आजची वाचनयंत्रे मराठीसाठी तीच लिपी वापरतात.